त्वचेवर, त्वचेत की त्वचेतून? लिपिड नॅनोकणांचं पहिलं जेल करणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. कुणी बेलापूरहून येतं, कुणी नेरुळहून, तर कुणी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून रबाळ्याला उतरतं. विषय बहुधा ठरलेला असतो: अमुक औषधाचं लिपिड नॅनोकणांचं जेल, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत औषध गुंतवून केलेलं जेल. मी पहिला प्रश्न विचारते, "हे औषध पोचायला कुठे हवंय?" बहुतेकांचं उत्तर येतं, "मॅडम, जास्तीत जास्त आत."

या उत्तराने पुढचे सहा महिने वाया जाऊ शकतात. आपल्या भाषेत यासाठी तीन नेमके शब्द आहेत. त्वचेवर, त्वचेत आणि त्वचेतून. सनस्क्रीनने त्वचेवर राहायचं असतं. गजकर्णाच्या किंवा मुरुमांच्या औषधाने त्वचेत थांबायचं असतं. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला (अमेरिकेत मान्यता मिळालेली ही पहिली औषधी पट्टी, साल १९७९) त्वचेतून रक्तात जायचं असतं. वहीच्या पहिल्या पानावर या तिघांपैकी एक शब्द लिहा. पुढची प्रत्येक पायरी त्यावर ठरते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांत मी वीस वर्षं मलमं आणि जेलं केली, त्यातली बरीच लिपिड कणांची. नवख्या माणसाचा वेळ नेमका कुठे जातो, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून काही पायऱ्यांवर मी रेंगाळणार आहे, काही भराभर ओलांडणार आहे.

पहिली पायरी: भिंत ओळखा

पारदर्शक चिकटपट्टीचा दोन बोटं लांब तुकडा घ्या. मनगटाच्या थोडं वर, हाताच्या आतल्या बाजूला तो घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. आता काळ्या कापडावर धरून बघा. पट्टीवर पांढुरका, धूसर ठसा दिसेल, त्वचेवरच्या बारीक चौकटींसकट. तुम्ही स्ट्रॅटम कॉर्नियमचा, म्हणजे त्वचेच्या बाहेरच्या मृत थराचा, सगळ्यात वरचा पदर उचलला आहे. असे पंधरा-वीस पदर मिळून जो थर होतो, त्याची जाडी बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रोमीटर असते. वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. औषधाला अडवणारी खरी भिंत एवढीच.

चपट्या मृत पेशी म्हणजे या भिंतीच्या विटा. विटांमध्ये गवंडी ज्याला माल म्हणतात, तो इथे लिपिडांचा असतो: वजनाने साधारण निम्मी सेरामाइडं, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. बहुतेक औषधं विटा फोडून जात नाहीत, त्या मालातून वळणं घेत जातात. म्हणून लिपिडात अजिबात न विरघळणारं औषध बाहेरच राहतं, आणि फक्त लिपिडातच रमणारं औषध मालात अडकून खालच्या ओलसर थरात उतरत नाही. रेणूचा आकारही आड येतो. बॉस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडलेला ५०० डाल्टनचा नियम आजही पहिली चाळणी म्हणून वापरतात. रेणुभार त्याच्या वर गेला की शाबूत त्वचेतून वाट मिळणं कठीण होत जातं.

इथेच एक गैरसमज काढून टाका. नॅनो म्हणजे इतका बारीक की कण अख्खाच्या अख्खा भिंतीपलीकडे जातो, असं पुष्कळांना वाटतं. लिपिड कण बहुतांशी तसे जात नाहीत. ते भिंतीवर चिकटून पातळ पदर धरतात, त्यामुळे त्वचेतलं पाणी उडणं कमी होतं आणि भिंत थोडी फुगते. त्यांचं लिपिड वरच्या मालात मिसळतं. काही कण केसांच्या मुळाशी साठतात आणि तिथून हळूहळू औषध सोडतात. औषध आत जातं ते या मदतीने. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढे आकड्यांचा अर्थ लावताना घोटाळा होत नाही.

दुसरी पायरी: वाहक निवडा

औषध वाहून नेणाऱ्या कणांत लायपोसोम सगळ्यात जुने. फॉस्फोलिपिड पाण्यात आपणहून पिशव्या बांधतात, हे केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. मेझेई आणि गुलशेखरम यांनी १९८० मध्ये ट्रायअॅम्सिनोलोन लायपोसोममध्ये भरून सशांच्या त्वचेवर लावलं, तेव्हापासून त्वचेसाठी त्यांचा विचार सुरू झाला. साधे लायपोसोम वरच्या थरात छान थांबतात, म्हणून 'त्वचेत' लिहिलं असेल तर ते उपयोगी.

पिशवीच्या भिंतीत सोडियम कोलेट किंवा ट्वीन ८० सारखं सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं द्रव्य, मिसळून ती लवचिक केली की ट्रान्सफरसोम होतात. ग्रेगोर सेव्ह यांची ही कल्पना. ते कोरड्या पृष्ठभागाकडून आतल्या ओलाव्याकडे ओढले जातात असं मानलं जातं, म्हणून त्यांच्यावर घट्ट झाकण घालू नये. पाण्याऐवजी २० ते ४५ टक्के इथेनॉल घेतलं की एथोसोम. हे जेरुसलेमच्या एल्का तुइतू यांचं काम. इथेनॉल मालालाच सैल करतं, त्यामुळे 'त्वचेतून' जायचं असेल तर त्यांचा विचार करावा. मात्र बाटलीचं झाकण सैल राहिलं तर आठवड्याभरात इथेनॉल उडतं आणि तुमचा एथोसोम एथोसोम राहत नाही.

एसएलएन म्हणजे घन लिपिडाचे कण, नव्वदीच्या सुरुवातीचे. शुद्ध घन लिपिड थंड झाल्यावर हळूहळू नीटस स्फटिक बांधतं, आणि त्या नीटस रचनेत औषधाला जागा उरत नाही. ते बाहेर ढकललं जातं. यावर उपाय म्हणून घन लिपिडात थोडं तेल मिसळून रचना मुद्दाम विस्कटलेली ठेवली, ते एनएलसी. पहिल्यांदाच काम करत असाल तर माझा कौल एनएलसीला. सामान साधं लागतं, क्लोरोफॉर्म लागत नाही, आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते.

तिसरी पायरी: आधी गणित

या पायरीला कुणी वेळ देत नाही, म्हणून मी थांबणार आहे. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीहून येणाऱ्या एका मुलीने गजकर्णासाठी टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध निवडलं होतं. कारण चांगलं होतं. पावसाळ्यात इथली दमट हवा, लोकलमधला घाम, नीट न वाळलेले कपडे, त्यामुळे घरोघरी नायटा. मी तिला वहीत एवढंच मांडायला सांगितलं: डिस्पर्शनमध्ये, म्हणजे पाण्यात पसरलेल्या कणांच्या मिश्रणात, लिपिड ५ टक्के, त्या लिपिडाच्या ५ टक्के औषध. म्हणजे एकूण औषध ०.२५ टक्के. हे निम्म्या-निम्म्याने जेलमध्ये मिसळलं की ०.१२५ टक्के. बाजारातल्या टर्बिनाफिन क्रीमचं प्रमाण १ टक्का. तिने पेन खाली ठेवलं.

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. लिपिड २० टक्क्यांपर्यंत वाढवायचं आणि ते घट्ट डिस्पर्शनच क्रीम म्हणून वापरायचं, किंवा मुळातच कमी प्रमाणात लागणारं औषध घ्यायचं. तिने ट्रेटिनॉइन घेतलं. मुरुमांवर ते ०.०२५ टक्क्यांनाही वापरतात, रेणुभार सुमारे ३००, लिपिडात विरघळणारं, आणि साध्या जेलमधून लावलं की आग होते, म्हणून त्याला कणात गुंतवण्यात खरंच फायदा. ५ टक्के लिपिड, त्याच्या २ टक्के औषध, म्हणजे डिस्पर्शनमध्ये ०.१ टक्का. एक भाग डिस्पर्शन, तीन भाग जेल, की ०.०२५ टक्के तयार. पुढची उदाहरणं मी याच औषधाची देते.

एक सूचना इथेच. ट्रेटिनॉइन प्रकाशाने बिघडतं. पिवळा दिवा, तपकिरी काच, अॅल्युमिनियम फॉइल, यांशिवाय बाटली उघडू नका. आणि गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर या औषधाला हातच लावू नका. गाइडला आधीच सांगून औषध बदलून घ्या.

चौथी पायरी: लिपिडांची चाचणी

परीक्षानळीत घन लिपिड वितळवा आणि चिमटी-चिमटीने औषध टाकत जा. कुठवर स्वच्छ राहतं ते टिपा, मग थंड करून पुन्हा बघा. नंतर घन लिपिड आणि तेल ७०:३० मध्ये एकत्र वितळवा, काचपट्टीवर गोठू द्या आणि त्याचा लगदा फिल्टर पेपरवर फिरवा. भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग उमटला तर हे तेल त्या लिपिडात मुरलेलं नाही. प्रमाण कमी करा, नाहीतर जोडी बदला. महागडं यंत्र न लावता आठवड्याचं काम एका दुपारी उरकतं.

पाचवी पायरी: बॅच

५० मिलिलिटरसाठी: कॉम्प्रिटॉल (घन लिपिड) १.७५ ग्रॅम, ओलेइक आम्ल (तेल) ०.७५ ग्रॅम, सोया लेसिथिन ०.२५ ग्रॅम, चिमूटभर बीएचटी (हवेने बिघडू न देणारं द्रव्य), आणि ट्रेटिनॉइन ५० मिलिग्रॅम. पाण्याच्या बाजूला पोलोक्झामर १८८ (सर्फॅक्टंट) पाऊण ग्रॅम, आणि बाकीचं शुद्ध पाणी. सुरुवातीसाठी ही मापं पुरतात, पुढे तुम्ही ती बदलणारच.

लेसिथिनची बाटली फ्रीझरमधून काढली की लगेच उघडू नका. पावसाळ्यात ही चूक आपल्याकडे हमखास होते. उणे २० अंशांवरची बाटली महापेच्या जुलैच्या हवेत उघडली की मिनिटभरात आतल्या पिवळ्या कणांवर दव धरतं. संध्याकाळपर्यंत ते गुळाच्या काकवीसारखे एकमेकांना चिकटतात. मग वजन चुकतं, आणि ओलाव्याने लिपिड बिघडूही लागतं. बाटली बंदच ठेवून तासभर बाहेर राहू द्या. तिच्या बाहेरच्या अंगावर पाणी धरायचं थांबलं की ते पुसा, मगच झाकण फिरवा. जमलं तर आल्या दिवशीच छोट्या कुप्यांत वाटणी करून ठेवा.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या ८० अंशांना आणा. कॉम्प्रिटॉल ७० च्या आसपास वितळतं, म्हणून वर थोडी सवड ठेवायची. ट्रेटिनॉइनला उष्णताही सोसत नाही, ते सगळ्यात शेवटी टाका. मग गरम पाणी गरम लिपिडात ओता, दोन्ही तितकीच गरम असताना. मी उमेदवारीच्या पहिल्या वर्षी पाणी तापवायचं विसरले होते. लिपिड पाण्याला लागताच मेणबत्तीच्या गाळासारखे पांढरे कवडे तरंगू लागले. तीन हजारांचं औषध त्यात गेलं आणि साहेबांसमोर उभं राहून मला ते सांगावं लागलं. तेव्हापासून थर्मामीटर दोन असतात, एक या बीकरमध्ये, एक त्या.

आधी हाय-शिअर होमोजिनायझर (वेगाने घुसळणारं यंत्र) मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर पाच मिनिटं, नंतर प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण फोडणारं यंत्र) थांबत-थांबत. या सगळ्या वेळात बीकर गरम पाण्यातच ठेवा, कारण लिपिड मध्येच गोठलं की कण फुटायचे थांबतात. सोनिकेटरच्या टोकातून टायटॅनियमची बारीक करडी धूळ गळते. ती हलक्या गतीच्या सेंट्रिफ्यूजने खाली बसवून टाका. मग ढवळत-ढवळत खोलीच्या तापमानाला आणा. नीट झालं असेल तर निळसर झाक असलेलं, दुधाळ द्रव दिसतं. औषधामुळे किंचित पिवळं.

सहावी पायरी: आकडे घ्या, पण त्यांना सवाल करा

कणांचा आकार मोजायला झेटासायझर लागतो. तो तुमच्या कॉलेजात नसेल तर दुसरीकडे वेळ मागावी लागते, म्हणून तारीख महिनाभर आधीच घ्या. सरासरी आकार आणि पीडीआय (कणांच्या आकारांत किती फरक आहे त्याचा आकडा) दोन्ही लिहा. पीडीआय ०.३ च्या आत असेल तर कण बऱ्यापैकी एकसारखे. झेटा पोटेन्शियल, म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या विद्युत भाराचं माप, ±३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असावं असं सगळे सांगतात. पण पोलोक्झामरसारखं सर्फॅक्टंट कणांभोवती जाड झालर धरतं, तेव्हा उणे १५ लाही डिस्पर्शन टिकू शकतं. एवढ्यावरून बॅच फेकू नका.

आकार जितका लहान तितका चांगला, हेही नेहमी खरं नसतं. केसांच्या मुळाशी पोचायला सुमारे ३०० ते ६०० नॅनोमीटरचे कण त्याहून बारीक कणांपेक्षा सरस ठरल्याचं दिसलं आहे. मुरुमं तर तिथेच उगवतात. पहिल्या पानावरचा शब्द इथे पुन्हा वाचा.

आता एंट्रॅपमेंट, म्हणजे कणांत किती टक्के औषध गुंतलं. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाबाबत इथे मोठी फसगत होते. फिल्टरच्या कुपीत डिस्पर्शन घालून सेंट्रिफ्यूज केलं, खाली आलेल्या पाण्यात एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) औषध सापडलं नाही, म्हणून मुलं ९९ टक्के लिहून मोकळी होतात. पण जे औषध कणाबाहेर राहिलं ते पाण्यात विरघळणारच नव्हतं. ते स्फटिक होऊन फिल्टरच्या वरच बसलं आणि गुंतलेलं म्हणून मोजलं गेलं. म्हणून आधी ध्रुवीकृत प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली थेंब बघा. काळ्या पडद्यावर चकाकणाऱ्या सुया दिसल्या तर ९९ हा आकडा खोटा. हलक्या गतीने स्फटिक खाली बसवा, वरचं वेगळं मोजा, खालचं वेगळं मोजा. दोन्हीची बेरीज घातलेल्या औषधाशी जुळली पाहिजे.

सातवी पायरी: जेल

कार्बोपोल (जेल घट्ट करणारी पूड) रात्रभर पाण्यात भिजू द्या, थेंबाथेंबाने ट्रायइथेनॉलअमाइन घालून पीएच ५.५ ते ६ वर आणा, मग डिस्पर्शन हलक्या हाताने मिसळा. कणांवर धन भार असेल तर कार्बोपोलशी गुठळ्या होतात. तेव्हा हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोजसारखं भार नसलेलं जेल घ्या.

आठवी पायरी: फ्रान्झ सेल

औषध त्वचेतून किती जातं ते मोजायचा काचेचा हा दुमजली पेला. मध्ये त्वचेचा तुकडा, वर जेल, खाली रिसेप्टर द्रव, म्हणजे पलीकडे आलेलं औषध झेलणारा द्रव. बाहेरून ३७ अंशांचं पाणी फिरतं आणि त्वचेचा पृष्ठभाग ३२ च्या आसपास राहतो.

माणसाच्या त्वचेच्या जवळची म्हणून डुकराच्या कानाची त्वचा वापरतात. कसायाला आदल्या दिवशी भेटून एकच गोष्ट बजावा: कान गरम पाण्यात घालू नका आणि केसही जाळू नका. विक्रीसाठी ते तसंच करतात, आणि त्यात आपली भिंत जळून जाते. मग औषध धो-धो खाली येतं आणि निकाल छान दिसतो. कान थंड डब्यात आणा, धुवा, कूर्चेपासून त्वचा सोडवा, आणि लावण्याआधी विद्युत रोध किंवा पाण्याचं बाष्पीभवन मोजून ती शाबूत असल्याची खात्री करा. प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, शस्त्रक्रियेत निघालेली माणसाची त्वचा असेल तर मानवी नैतिकता समितीची आणि रुग्णाच्या संमतीची. स्वतःच्या किंवा मैत्रिणीच्या चेहऱ्यावर लावून बघणं तर नाहीच.

रिसेप्टरमध्ये नुसतं फॉस्फेट बफर घालू नका. ट्रेटिनॉइन त्यात विरघळत नाही, म्हणजे आलेलं औषधही दिसणार नाही. थोडं अल्ब्युमिन किंवा योग्य सर्फॅक्टंट घाला, आणि तुमच्या सगळ्या औषधाच्या अनेकपट तिथे विरघळू शकतं हे आधी तपासा. त्वचेखाली हवेचा बुडबुडा राहिला तर सेल तिरका करून काढा.

सोबत तीन तुलना हव्यातच: बाजारातलं जेल, त्याच कार्बोपोलमध्ये साधं औषध, आणि रिकाम्या कणांसोबत वेगळं मिसळलेलं औषध. तिसरी बहुतेक जण गाळतात. ती नसेल तर फायदा कणात गुंतवल्यामुळे झाला की नुसत्या ओलेइक आम्लामुळे, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. ओलेइक आम्ल स्वतःच भिंत सैल करतं.

२४ तासांनी चार ठिकाणचं औषध मोजा: वर उरलेलं, चिकटपट्ट्यांवर निघालेलं (साधारण पंधरा-वीस पट्ट्या, पहिली वरच्या उरलेल्यात धरा), राहिलेल्या त्वचेत मुरलेलं, आणि रिसेप्टरमधलं. बेरीज घातलेल्या औषधाच्या ९० ते ११० टक्क्यांत बसली पाहिजे. ऐरोलीच्या त्या मुलीची बेरीज ९४ आली होती, तरी तिचा चेहरा उतरलेला. "मॅडम, रिसेप्टरमध्ये काहीच नाही."

"अल्ब्युमिन घातलं होतंस?"

"हो."

"विरघळतं हे तपासलं होतंस?"

तिने वहीतलं पान दाखवलं. मग मी तिच्या त्या शून्याभोवती लाल वर्तुळ काढलं. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात 'त्वचेत' लिहिलेलं होतं. औषध त्वचेत साध्या जेलपेक्षा जास्त मुरलं होतं आणि रक्ताच्या बाजूला गेलं नव्हतं. तिला हवं होतं ते हेच.

नववी पायरी: ठेवून बघा

बॅच झाली त्याच दिवशी नळ्या भरा, तारीख घाला. एक ४ अंशांना, एक २५ ला, एक ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये. मे महिन्यात दुपारी तुर्भ्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या टेम्पोत मलमाच्या ट्यूबा काय सोसतात, याची कल्पना त्या तिसऱ्या नळीवरून येते. पहिला, सातवा, पंधरावा आणि तिसावा दिवस असं बघत जा. आकाराचा आकडा महिनाभर जागचा हलला नाही तरी मायक्रोस्कोप चुकवू नका. लिपिड स्फटिक नीटस होत जातात आणि औषध बाहेर पडतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि झेटासायझरला त्या लांब सुया नीट दिसतच नाहीत. ४ अंशांची नळी आधी तपासा. थंडीत टिकणारच असं धरून सगळे तिला शेवटी बघतात, पण माझ्या अनुभवात सुया बऱ्याचदा तिच्यातच आधी सापडल्या आहेत.